पिरॅमिडच्या वेशीवर व्याहीभेट

माझ्या मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांसाठी आणलेला मानाचा आहेर मी मेक्सिकोत एका शिट्ट्या विकणाऱ्या माणसाला देऊन टाकला. नुसता दिला नाही. कपाळाला कुंकू लावून, डोक्यावर टोपी चढवून, अंगावर शाल घालून, हातात नारळ ठेवून, दोनदा उराउरी भेटून दिला. बायकोने त्याचा फोटोही काढलाय. फोटो अगदी छान आलाय. मी आणि तो, दोघंही लग्न पार पडल्यासारखे खूश दिसतोय.

आता ह्याला कारण आहे. माझ्या प्रत्येक घोळाला कारण असतं, पण आमच्या घरी ते ऐकून घ्यायची पद्धत नाही, म्हणून इथे लिहितो.

मुलगी ठाण्यात एका कंपनीत कामाला. कंपनीने तिला दोन वर्षांसाठी मेक्सिको सिटीत पाठवलं. तिथे तिला एक मुलगा भेटला आणि पुढे जे व्हायचं ते झालं. दोन वर्षं संपत आली तसं कंपनीने तिला परत बोलावलं. कोलशेतला तिने आधीच फ्लॅट घेऊन ठेवलेला. वॉशिंग मशीनच्या कोपऱ्यात उभं राहून बाहेर वाकलं की त्यातून खाडी दिसते, आणि बिल्डरने तेवढ्यासाठी त्याला 'क्रीक व्ह्यू' म्हटलंय. मुलाचं काम कॉम्प्युटरवरचं, कुठूनही करता येणारं. तो म्हणाला, मग मी येतो तिकडे. म्हणजे आपल्या भाषेत घरजावईच की. मला तर आनंदाने वेड लागायचं बाकी होतं. आमच्या अख्ख्या खानदानात मुलगी सासरी जाताना रडारड झालेली आहे. इथे पहिल्यांदाच समोरची पार्टी रडणार होती.

आणि तीच तर अडचण होती. मुलगा आईबापांना एकुलता एक. बाप तयार होता. आई नव्हती. म्हणजे ती नाही म्हणाली नव्हती. ती म्हणाली, माझा मुलगा जगाच्या दुसऱ्या टोकाला ज्या माणसांत जाणार, ती माणसं मला आधी बघायची आहेत. आणि मुलाने आमच्या मुलीला साफ सांगितलेलं, की आईने मनापासून पाठवलं तर येईन, तिला रडत ठेवून येणार नाही. मला तो मुलगा तिथेच आवडला. पण ह्याचा अर्थ असा, की बघण्याचा कार्यक्रम ठरला होता आणि त्यात मुलगी दाखवायची नव्हती, मुलगा दाखवायचा नव्हता. मला दाखवायचं होतं.

मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, एकच रिक्वेस्ट आहे. तिथे काही करू नका."

"काही म्हणजे?"

"काहीच."

भेटीची जागा विहीणबाईंनीच ठरवली होती. मेक्सिको सिटीपासून तासाभरावर तेओतिवाकान म्हणून एक प्राचीन ठिकाण आहे. स्पॅनिश लोक तिकडे पोचण्याच्या कितीतरी शतकं आधीचं, देवाधर्मासाठी वसवलेलं भलंमोठं नगर. सूर्याचा पिरॅमिड, चंद्राचा पिरॅमिड, मधून सरळसोट जाणारा रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना देवळांचे चौथरे. विहीणबाई शाळेत इतिहास शिकवायच्या आणि दर वर्षी पोरांची सहल तिथेच न्यायच्या. त्यांचं म्हणणं असं, की हॉटेलात टेबलाभोवती बसून कुणीही दोन तास शहाण्यासारखं वागतो. त्यांना आम्हाला उन्हात चालवून बघायचं होतं.

इकडे मी तयारीला लागलो. फडके रोडवर शाल घ्यायला गेलेलो, तर दुकानदाराने न विचारताच सत्काराच्या शालींचा गठ्ठा पुढे टाकला. डोंबिवलीत आठवड्याला कुणाचा ना कुणाचा सत्कार असतोच, त्याची तरी काय चूक. मी म्हटलं, सत्काराची नको, व्याह्यांना द्यायची आहे, लोकरीची चांगली दाखवा. जांभळ्या काठाची घेतली. डोक्याचं माप माहीत नव्हतं म्हणून पांढऱ्या टोप्या दोन घेतल्या, एक मोठी, एक लहान.

बायको म्हणाली, "अहो, आपण त्यांच्या गावात चाललोय. स्वागत ते करतील आपलं."

मी म्हटलं, मुलीचा बाप मी आहे, तेव्हा सीमांतपूजन मीच करणार.

सीमांतपूजन म्हणजे वराकडची मंडळी गावात शिरायच्या आधी वेशीवरच त्यांना गाठून त्यांचं स्वागत करायचं. आता कल्याण-डोंबिवलीत वेस कुठून आणायची? म्हणून आपल्याकडे ते हॉलच्या दारात उरकतात, चपलांचा स्टँड आणि लिफ्ट ह्यांच्या मधल्या जागेत. माझं स्वतःचं सीमांतपूजन कल्याणच्या एका हॉलच्या जिन्यात झालं. भटजी मंत्र म्हणत होते आणि खालून केटररची माणसं आमटीचं पातेलं वर नेत होती, म्हणून माझ्या सासऱ्यांनी माझ्या कपाळाला लावलेलं कुंकू कानापर्यंत गेलं. आणि आता आयुष्यात पहिल्यांदा मला खरीखुरी वेस मिळत होती. दोन हजार वर्षांच्या नगराची. ती संधी मी सोडणार?

नारळ विमानातून नेऊ देत नाहीत असं मुलीने बजावलेलं, म्हणून तो तिकडेच घेतला. मेक्सिकोच्या बाजारात नारळांचे ढीग असतात, पण सगळे बोडके. शेंडी कुणालाच नाही. शेंडीशिवाय नारळ मानाचा कसा म्हणायचा? मी दुकानदाराला माझ्या डोक्याच्या मागे बोटांनी शेंडी काढून दाखवली, तर त्याने अगदी प्रेमाने मला दोन गाळे सोडून असलेल्या न्हाव्याकडे पाठवलं. शेवटी बोडकाच घेतला.

व्याह्यांना आम्ही त्याआधी फक्त एकदा पाहिलेलं, व्हिडिओ कॉलवर. ते तेव्हा भावाच्या शेतावर होते आणि तिथलं नेटवर्क आपल्या टिटवाळ्याच्या पलीकडच्यासारखं. चेहरा चौकोन चौकोन होऊन गोठला. आमच्यापर्यंत पोचली ती एक गवती हॅट आणि एक पांढरी मिशी. मी तेवढ्यावरच हात जोडले.

ठरल्या दिवशी आम्ही सकाळी दहाच्या सुमारास दोन नंबरच्या गेटवर पोचलो. मुलीने आम्हाला उतरवलं आणि गाडी लावायला गेली. मुलगा त्याच्या आईवडिलांना घेऊन दुसऱ्या गाडीतून येणार होता. "इथेच उभे राहा," एवढंच ती सांगून गेली. तिकडची हवा विरळ आहे हे लक्षात घ्या. चार पावलं भरभर टाकली की भांग प्यायल्यासारखं हलकंहलकं वाटतं. मी माझी बाजू मांडतोय असं नाही, पण नोंद असावी. बायको पैठणीत, खाली स्पोर्ट्स शूज. माझ्या हातात आहेराची पिशवी.

आणि गवती हॅट दिसली.

हॅटखाली पांढरी मिशी. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खांद्याला झोळी. गृहस्थ गेटच्या दिशेने सावकाश चालत येत होते. बायकोच्या पैठणीकडे बघून त्यांचा चेहरा खुलला. दोन्ही हात पसरून त्यांनी विचारलं, "इंडिया?"

आता तुम्हीच सांगा.

मी पुढे झालो. बायको मागून म्हणाली, "अहो, पोरं येऊ देत." पण ते गेटपासून दहा पावलांवर होते. एकदा का ते आत गेले की सीमांतपूजन कसलं? मी तिच्या पर्समधून कुंकवाचा करंडा काढला आणि त्यांना वाटेतच अडवलं. गृहस्थांनी आपण होऊन हॅट काढली आणि मान खाली केली. इतक्या सराईतपणे, इतक्या शांतपणे, की मला वाटलं पोरीने सगळं नीट समजावून ठेवलेलं दिसतंय. मी कुंकू लावलं. मोठी टोपी घातली, ती मापात बसली. शाल पांघरली. नारळ हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला, माझ्याकडे पाहिलं आणि मग मला मिठी मारली. एकदा ह्या खांद्याला, एकदा त्या खांद्याला, पाठीवर तीन थापा. मीही त्यांच्या पाठीवर तीन थापा मारल्या.

मग त्यांनी झोळीत हात घातला, वाघाच्या तोंडाची एक मातीची शिट्टी काढली आणि माझ्या कानाशी धरून वाजवली. शिट्टी कसली, डरकाळी होती ती. मी एक फूट उडालो. पण म्हटलं, प्रत्येक घराण्याची आपली रीत असते. त्यांनी ती माझ्या हातात दिली. मीही वाजवली. बायकोने फोटो काढला. त्यांनी छातीवर हात ठेवला, हॅट झोळीत टाकली आणि शाल सावरत गेटमधून आत निघून गेले. मला वाटलं विहीणबाईंना बोलवायला गेले असतील.

बायको बराच वेळ तिकडे बघत होती. मग म्हणाली, "व्याह्यांच्या झोळीत आणखी वीस-पंचवीस वाघ होते."

तेवढ्यात मुलगी आली. तिच्यासोबत मुलगा, एक बुटक्या बाई आणि डोक्याला क्रिकेटवाल्यांसारखी टोपी, अंगात हाफ पँट, नाकावर पांढरं क्रीम असे एक हसरे गृहस्थ. मिशी नाही. नंतर कळलं की ती हॅट त्यांच्या भावाची होती, आणि मिशी त्यांनी आम्हाला भेटायचं म्हणून, जरा नीटनेटकं दिसावं म्हणून, आदल्या दिवशीच उतरवली होती. बिचाऱ्यांनीही तयारी केली होती.

विहीणबाईंचे केस पिकलेले, कानापर्यंत कापलेले. बुटांच्या नाड्या तपासणीला आलेल्या शिक्षणाधिकाऱ्यासारख्या करकचून बांधलेल्या. त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि तो सोडायच्या आधी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. माझ्या बोटांना कुंकू होतं, ते त्यांच्या हाताला लागलं. त्यांनी ते रुमालाने पुसलं.

मुलीने हळूच विचारलं, "बाबा, शाल?"

"घरी राहिली," मी म्हटलं.

गाडीत तासभर ती पिशवी माझ्या मांडीवर होती आणि मुलगी माझ्या शेजारी बसून गाडी चालवत होती. तिने नुसतं बघितलं. ती तिसरीत असताना मी तिला चुकीच्या दिवशी फॅन्सी ड्रेसमध्ये भाजीवाली करून शाळेत सोडलेलं, तेव्हाही असंच बघितलेलं.

बायकोने प्रसंग सावरला. विहीणबाईंसाठीची साडी होती, ती काढून त्यांची ओटी भरली. आणि मला लहान टोपी आठवली. ती मी खऱ्या व्याह्यांच्या डोक्यावर ठेवली. ठेवली असंच म्हणायला हवं, कारण ती आत काही गेली नाही. डोक्यावर पणती ठेवावी तशी बसली. पण माणूस काय गोड, क्रिकेटची टोपी खिशात घातली आणि तीच मिरवत निघाले.

आणि तिथे माझ्या लक्षात आलं, की आता ह्या अख्ख्या प्राचीन नगरात अशा पांढऱ्या टोप्या घातलेली दोन माणसं फिरतायत, आणि विहीणबाई हुशार आहेत.

विहीणबाई बोलायला लागल्या आणि मुलगी मराठीत सांगायला लागली. हे नगर कुणी बांधलं ते कुणालाच माहीत नाही. ते लोक ह्याला काय म्हणायचे तेही माहीत नाही. शेकडो वर्षांनी दुसरे लोक आले, त्यांना हे ओसाड पडलेलं दिसलं आणि त्यांना वाटलं की इथेच माणसांचे देव झाले असणार, म्हणून त्यांनी तसं नाव दिलं. सूर्याच्या पिरॅमिडसमोर उभं राहिलो. वर चढायला आता बंदी आहे. खालून मान मागे टाकून बघायचं. मी बघत गेलो, बघत गेलो आणि मागच्या मागे बसलो. दगडांचं ते प्रचंड धूड निळ्याभोर आकाशाला टेकलेलं, आणि आपण तिथे उदबत्तीच्या काडीएवढे. कसलं भारी वाटलं म्हणून सांगू. त्या बांधणाऱ्यांना चाक लावलेली गाडी माहीत नव्हती, ओझं ओढायला बैल नव्हता. माणसांनी पाठीवर दगड आणले. आमच्या सोसायटीला टेरेसचं वॉटरप्रूफिंग करायला तीन वर्षं लागली.

मी विहीणबाईंना अंबरनाथच्या शिवमंदिराबद्दल सांगितलं. की तेही जुनं, आमच्यापासून जवळच, आणि तिथे गाभाऱ्यात जायला खाली पायऱ्या उतराव्या लागतात. म्हणजे तुमच्याकडे देवासाठी वर चढायचं, आमच्याकडे खाली उतरायचं. हे त्यांना आवडलेलं दिसलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले. मी मनात म्हटलं, जमतंय.

तेवढ्यात समोरून एक पांढरी टोपी येताना दिसली, खाली जांभळा काठ.

"इकडची भिंत बघूया," मी म्हटलं आणि सगळ्यांना वळवलं. तिथे एका भिंतीवर वाघासारख्या जनावराचं लालबुंद जुनं चित्र आहे. ते पाहिलं. रस्त्यावर आलो, तर टोपी उलटी फिरून परत येत होती. पुन्हा चित्र. त्या रस्त्यावर शिट्ट्यावाले कमी नाहीत आणि सगळे सारख्या डरकाळ्या फोडत असतात. प्रत्येक डरकाळीला मी वळून बघायचो. तिसऱ्यांदा मी त्या चित्रासमोर जाऊन उभा राहिलो तेव्हा विहीणबाई मुलीला काहीतरी म्हणाल्या. मुलीने दात आवळून भाषांतर केलं, की त्या म्हणतायत, इतक्या वर्षांत ह्या चित्राकडे एवढं लक्ष देणारा माणूस त्यांनी पाहिला नाही.

मग एका झाडाखाली बसलो आणि परीक्षा सुरू झाली. ठाण्यात पाणी कसं आहे? मी खरं ते सांगितलं. कोलशेतला तसं बरं आहे, टँकर येतो कधीमधी, पण दिवा गावात माझा मावसभाऊ राहतो त्याच्याकडे पाण्याचे काय हाल आहेत, पिंप कसे भरून ठेवावे लागतात, त्यावरून त्यांच्या मजल्यावर कशी मारामारी झाली आणि त्यात भावाचा चष्मा कसा फुटला. चांगली पाच मिनिटं सांगितलं. मुलीने त्याचं स्पॅनिशमध्ये तीन शब्दांत भाषांतर केलं. विहीणबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पस्तीस पोरांच्या वर्गात कोण काय दडवतंय हे ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं.

मुलगा माझ्या शेजारी बसला होता. त्याला मराठी एकच वाक्य येत होतं. ते त्याने मला विचारलं, "जेवलात का?" मी म्हटलं, नाही रे बाबा, आणि जेवण जायचंही नाही.

चंद्राच्या पिरॅमिडपाशी एक जुना वाडा आहे, कोरीव खांबांचा. मंडळी आत गेली. मी म्हटलं मी बाहेरच थांबतो, दम लागलाय. खरा विचार वेगळा होता. शालवाला समोरच्या चौथऱ्यापाशी उभा होता. मी ठरवलं, हात जोडून समजावायचं, शाल परत घ्यायची, घडी करून पिशवीत टाकायची आणि सांगायचं, अरे, सापडली, पिशवीच्या तळाशी होती.

मला बघून त्याला केवढा आनंद झाला. त्याने मला मिठी मारली. शेजारच्या चार विक्रेत्यांना बोलावून माझी ओळख करून दिली. एक काचेसारख्या काळ्या दगडाची कासवं विकणारा मला काहीतरी विकायला पुढे आला, तर ह्याने त्याला झापलं. मी शालीकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे. त्याने मान हलवली, हो हो, तूच दिलीस. मी दोन्ही हातांनी ओढल्याची खूण केली. त्याला वाटलं शाल नीट बसली नाही म्हणतोय. त्याने ती आणखी घट्ट गुंडाळली. मग मी, देवा, मग मी शालीचं टोक धरलं आणि हळूच ओढलं. त्याने हसत दुसरं टोक धरलं. मी जरा जोरात ओढलं. त्याला हा खेळ वाटला असावा. विरळ हवेत माझं डोकं गरगरत होतं, टोपी त्याच्या डोळ्यांवर आलेली, आजूबाजूचे विक्रेते शिट्ट्या वाजवून आम्हाला चढवत होते आणि दोन हजार वर्षांच्या देवळासमोर चहूकडून वाघ डरकाळ्या फोडत होते.

मी मान वळवली. वाड्याच्या दारात विहीणबाई उभ्या होत्या.

त्यांना काय दिसलं असेल याचा विचार करा. ज्या घरात त्या एकुलता एक मुलगा पाठवणार, त्या घरातला कर्ता पुरुष भर देवस्थानात एका म्हाताऱ्या फेरीवाल्याच्या अंगावरची शाल खेचतोय.

मुलगी धावत आली. तिचा चेहरा बघून माझं सगळं अवसान गेलं. गमतीची गोष्ट ही, की ती रागावलेली नव्हती. घाबरली होती. मी तिला म्हटलं, "जसंच्या तसं सांग. ह्यावेळी कापू नकोस." आणि मी सगळं सांगितलं. हॅट, मिशी, वेस, फोटो, घरी राहिलेली शाल, तीनदा पाहिलेलं चित्र. तिने प्रत्येक वाक्य भाषांतर केलं, मान खाली घालून. मुलगा ऐकताना दुसरीकडे बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. खऱ्या व्याह्यांनी डोक्यावरची पणती सरळ केली.

विहीणबाईंनी मला काहीच विचारलं नाही. त्या शालवाल्याशी बोलल्या. तो बराच वेळ सांगत होता. मुलीने नंतर मला सांगितलं ते असं, की दिवसभरात त्याच्यासमोरून शेकडो लोक जातात आणि बहुतेक जण तोंड न उघडता हाताने त्याला बाजूला करतात. आज हा माणूस आपणहून पुढे आला. त्याला वाटलं, इंडियात बहुतेक देवळाच्या दारात जो पहिला भेटेल त्याचा मान करायची रीत असावी. त्याने आपल्या बायकोला फोन करून सांगितलंही होतं.

आता सगळं कळल्यावर त्याने शाल उतरवली. चौथऱ्यावर पसरून नीट घडी केली, काठाला काठ लावून, आमच्या दुकानदाराने केली होती त्याहून चांगली. आणि माझ्यापुढे धरली.

मला ती घेववेना. मी ती उलगडून परत त्याच्या खांद्यावर टाकली, हात जोडले आणि नाक ओढलं. मोठा प्रसंग झाला असता, पण तेवढ्यात खरे व्याही मुलीमार्फत म्हणाले, की बरंच झालं, लोकर त्यांना सोसत नाही, अंगाला खाज सुटते.

सगळे हसायला लागले. विहीणबाई सोडून. त्या चौथऱ्याच्या पायरीवर बसल्या आणि मला समोर बसायला सांगितलं. त्यांनी विचारलं, तिकडे माझा मुलगा आजारी पडला, तुमची मुलगी ऑफिसात असली, तर मी फोन कुणाला करायचा?

मला एक विनोद सुचला होता. तो मी गिळला. आयुष्यात फार वेळा जमलेलं नाही ते.

"मला करा," मी म्हटलं. "मी डोंबिवलीला असतो. माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये किती वेळ अडकेन ते मी आज सांगू शकत नाही. पण फोन ठेवला की पाच मिनिटांत मी घराबाहेर पडलेला असेन."

बायको म्हणाली, "आणि डब्यात मऊ भात असेल."

मुलीने दोन्ही वाक्यं सांगितली. विहीणबाईंनी भाताबद्दल आणखी एक प्रश्न विचारला, तिखट असतो का. बायको म्हणाली, नाही, नुसतं तूप-मीठ. मुलगा आता हसत नव्हता, बुटाने मातीत रेघ काढत होता. मुलीने माझा दंड धरला होता, लहानपणी इंजेक्शनच्या वेळी धरायची तसा.

विहीणबाई उठल्या, मुलाजवळ गेल्या, त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि त्याला काहीतरी म्हणाल्या. तीन-चारच शब्द. मुलीच्या हाताची पकड सुटली. पावसाळा सरला की जा, असं म्हणाल्या होत्या.

मी उडीच मारली. हवा विरळ, खाली येताना तोल गेला, शालवाल्याने सावरलं. मी त्याला मिठी मारली, व्याह्यांना मारली, कासवं विकणाऱ्यालाही मारली. आणि जाहीर केलं, की जावईबापूंना आणायला विमानतळावर मी स्वतः जाणार, नवी शाल, शेंडीवाला नारळ, आणि जमलं तर वाजवायला बेंजो पार्टीसुद्धा. मुलीने नको नको म्हणत तेही सांगितलं.

विहीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता माझ्या बायकोकडे वळल्या आणि बोलल्या. मुलीला भाषांतर करायला जरा वेळ लागला, कारण तिला हसू आवरत नव्हतं.

"आई, त्या म्हणतायत, मुलगा मी पाठवते. पण विमानतळावर घ्यायला तुम्ही जा. ह्यांना पाठवलंत तर हे भलत्यालाच घरी घेऊन जातील."